मंगळवारचं चार किलो: डायलिसिसवरच्या एका रुग्णाचं पाणी, मीठ आणि पोटॅशियम (प्रकरण अभ्यास)

हे प्रकरण एका बाईंचं म्हणून लिहिलं आहे, पण ते बेतलं आहे डायलिसिस युनिटमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र बांधून. यातली मापं या रुग्णाची आहेत. प्रत्येकाची मापं त्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञाने ठरवायची असतात. हिशोबाची पद्धत मात्र सगळ्यांना लागू पडते.

रुग्ण ५४ वर्षांच्या, राहणार बार्शी तालुक्यातलं एक गाव. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, मधुमेह नाही. चौदा महिन्यांपासून सोलापुरात डायलिसिस चालू, मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी आठ ते बारा. डाव्या कोपराजवळ फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर जोडून केलेली, डायलिसिसच्या सुया टोचायची जागा. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५२ किलो. लघवी दिवसाला साधारण २५० मिली.

एप्रिलमध्ये तक्रार अशी होती: दर मंगळवारी त्या ५६ किलोच्या वर भरायच्या. तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे यायचे, रक्तदाब ९०च्या खाली उतरायचा, डोळ्यांपुढे अंधारी. मग टेक्निशियन पाणी काढणं थांबवायचा, पाय वर करून सलाईन सोडायचा. घरी जाताना दीड किलो पाणी अंगातच राहिलेलं असायचं. बुधवारी रात्री आडवं झालं की दम लागायचा आणि दोन उशा घेऊन बसून झोप.

"काकू, आज किती आणलंय?" हा मशीनवर घेतानाचा ठरलेला प्रश्न. उत्तरही ठरलेलं: "दोन फुलपात्रं पाणी पिते रे बाबा दिवसाचं, त्याहून कमी काय पिऊ?"

त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि प्रकरण नीट समजण्यासाठी हे आधी मान्य करावं लागतं. युनिटमध्ये अशा रुग्णाला "ऐकत नाहीत" असा शिक्का पटकन बसतो, आणि तो बसला की पुढे कोणी मोजमाप करत नाही.

चार किलोंचं गणित

शनिवारी बारा ते मंगळवारी आठ म्हणजे ६८ तास, जवळजवळ २.८ दिवस. आठवड्यातली ही सगळ्यात लांब दरी. अमेरिकेत ३२ हजारांवर रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके याच लांब दरीनंतरच्या दिवशी सगळ्यात जास्त आढळले. म्हणून मंगळवारचं वजन गुरुवारपेक्षा जास्त गांभीर्याने घ्यायचं.

४.१ किलो वाढ म्हणजे ४.१ लिटर पाणी. शेवटी नळ्यांतलं रक्त परत देताना जाणारं ०.३ लिटर सलाईन धरून चार तासांत ४.४ लिटर काढायचं. तासाला ११०० मिली, आणि ५२ किलोंच्या माणसाला ते किलोमागे तासाला २१ मिली पडतं. सुरक्षित समजली जाणारी मर्यादा आहे १३. मशीन पाणी काढतं ते रक्तातून. सुजेतलं पाणी मागाहून हळूहळू रक्तात येतं. मशीनचा वेग त्या येण्याच्या वेगाहून जास्त झाला की रक्तवाहिन्या रिकाम्या पडतात, दाब कोसळतो, स्नायू आखडतात. दाब असा वारंवार पडला तर फिस्टुलात रक्त गोठून तो बंद पडण्याचीही भीती. म्हणजे ज्या हातावर सगळा डोलारा उभा, तोच धोक्यात.

उलट हिशोब असा: ५२ × १३ × ४ = २७०४ मिली. त्यातून ०.३ लिटर वजा केलं की उरतात २.४ किलो. मंगळवारी एवढंच घेऊन यायचं, हे ध्येय.

सत्र चारऐवजी पाच तासांचं करणं हा खरं तर सगळ्यात सरळ उपाय. पण दुपारच्या पाळीचे रुग्ण दारात उभे असतात, मशीन रिकामं मिळत नाही. युनिटच्या हातात होतं तेवढं केलं गेलं. डायलिसिसच्या द्रावाचं तापमान ३७ वरून ३६ अंशांवर आणलं, कारण थोड्या गारव्याने रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात. रक्तदाबाची सकाळची गोळी डॉक्टरांनी रात्री घ्यायला सांगितली. मशीनवर असताना डब्यातली पोळीभाजी खायची सवय बंद केली. खाल्लं की रक्त पोटाकडे वळतं आणि दाब आणखी उतरतो. आता डबा एक तर सकाळी साडेसहाला, नाही तर सुटल्यावर.

मोजल्यावर काय निघालं

सुनेला एक काम दिलं: एक पूर्ण दिवस जे काही पातळ पोटात जाईल ते आधी औषधाच्या मापाच्या बाटलीत ओतून मोजायचं. फुलपात्र मोजलं तर २२० मिलीचं निघालं. दोन फुलपात्रं म्हणजे ४४० मिली, काकूंचा शब्द खरा. पण त्यांच्या लेखी "पाणी" म्हणजे जेवताना प्यायलेलं पाणी. बाकीचं असं: तीन कप चहा ३००, अकरा गोळ्या चार वेळांत गिळताना ४८०, आमटी-वरणाच्या दोन वाट्या ३००, दुपारचं ताक २००. एकूण १७२० मिली, म्हणजे न मोजलेलं पाणी मोजलेल्याच्या तिपटीला टेकलेलं.

१७२० मधून लघवीचे २५० गेले, राहिले १४७०. अन्नातलं पाणी आणि घामावाटे जाणारं पाणी ढोबळमानाने एकमेकांना फिटतं असं धरलं, तर २.८ दिवसांत ४.१ किलो. युनिटच्या काट्याशी अगदी जुळलं.

इथे बहुतेक ठिकाणी एक चूक होते. "पाणी कमी करा" एवढं सांगून रुग्णाला घरी पाठवतात. काकूंनाही चौदा महिने तेच सांगितलं जात होतं. पण तहान ही इच्छाशक्तीची गोष्ट नाही. रक्तात सोडियम वाढलं की मेंदू पाणी मागतो, आणि ते मिळेपर्यंत मागतच राहतो. शरीरातलं पाणी साधारण ०.९ टक्के खारट. म्हणजे नऊ ग्रॅम मीठ पोटात गेलं, की ते पातळ करायला एक लिटर पाणी लागतं. मीठ तसंच ठेवून पाणी तोडणं म्हणजे माणसाला रोज स्वतःशी भांडायला लावणं, आणि त्या भांडणात तहान जिंकते.

म्हणून दुसरं माप मिठाचं. घरात माणसं पाच, मिठाचा एक किलोचा पुडा १८ दिवस पुरतो. १००० भागिले १८, भागिले ५: माणशी ११ ग्रॅम. या सरासरीत खोट आहे (शेतात राबणारा मुलगा जास्त खाणार, चार वर्षांचा नातू कमी), पण अंदाजाला एवढं पुरतं. आणि हे फक्त पुड्यातलं. उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांचं मीठ वेगळं, लोणच्याचं वेगळं. उडदाच्या एका पापडात साधारण अर्धा ग्रॅम, लोणच्याच्या १० ग्रॅमच्या फोडीत साधारण एक ग्रॅम. काकूंच्या ताटात रोज दोन पापड, एक फोड आणि कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा धडधाकट माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे.

पुड्यातल्या मिठाचंच गणित केलं तरी ११ × २.८ म्हणजे ३१ ग्रॅम, आणि त्याला पुरं पडायला जवळजवळ साडेतीन लिटर पाणी. मंगळवारचं चार किलो मिठाच्या बरणीतून येत होतं.

स्वयंपाकघरातले बदल

वेगळा स्वयंपाक सुचवला असता तर तो आठवडाभरही टिकला नसता. सकाळी सातच्या आत पाच जणांचे डबे करणाऱ्या सुनेवर आणखी एक पातेलं लादायचं नाही, हे आधीच ठरलं. पद्धत अशी ठेवली: भाजी शिजली की मीठ घालायच्या आधी काकूंची वाटी बाजूला काढायची, मग बाकीच्यात मीठ. भाकरीच्या पिठात मीठ नाही. काकूंसाठी झाकणाची एक छोटी डबी, त्यात सकाळी सपाट पाऊण चहाचमचा मीठ, साडेचार ग्रॅमच्या आसपास. दिवसभराचा कोटा तेवढाच. त्यातलं चिमूटभर ताटात, वरून भुरभुरायचं. शिजताना घातलेलं मीठ भाजीत मुरून जातं, वरून घातलेलं थेट जिभेला लागतं, त्यामुळे थोड्यातही चव येते.

लिंबू, भाजलेलं जिरं, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर यांनी बरंच भागतं. आमसूल चालेल, पण बाजारात ते पुष्कळदा मिठात घोळलेलं मिळतं, ते नको. खारट न लागणारं सोडियमही असतं: पाव, खारी, बिस्किटं, सोडा घातलेली भजी, ॲसिडिटीवरची फसफसणारी पूड. उन्हाचा त्रास होतो म्हणून कोणी ओआरएस दिलं तर त्यात सोडियमही आहे आणि पोटॅशियमही. डायलिसिसच्या रुग्णाने ते मनाने घ्यायचं नाही. आणि सैंधव म्हणजेही मीठच. उपासाला चालतं म्हणून ते मिठाच्या हिशोबातून सुटत नाही.

जीभ नव्या चवीला रुळायला तीन-चार आठवडे लागतात. पहिले दहा दिवस वाईट गेले. काकू जेवायच्याच कमी. ते चालणार नव्हतं, त्याचं कारण पुढे येतं.

पाण्यासाठी लिटरची एक पारदर्शक बाटली. नेहमीचा नियम असतो आदल्या दिवशीची लघवी अधिक ५०० मिली. त्याने ७५० येत होते, पण बार्शीकडचं ऊन आणि घाम पाहून डॉक्टरांनी ९०० वर रेघ मारायला सांगितली. सकाळी बाटली रेघेपर्यंत भरायची. पाणी प्यायचं ते याच बाटलीतून. चहा घेतला, ताक घेतलं, तर तेवढंच पाणी मापून बाटलीतून तुळशीला. बाटली रिकामी, दिवस संपला. आमटी, दही, बर्फ, आइस्क्रीम, कलिंगड हे सगळं पाण्यातच धरायचं. फुलपात्र काढून ६० मिलीची वाटी दिली. वाटीने चार वेळा प्यायलं की चार वेळा प्यायल्यासारखं वाटतं. गोळ्यांचं पाणी ४८० वरून १५० वर आलं, कारण बऱ्याचशा गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर गेल्या.

त्यातल्या फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या तर जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. अन्नातलं फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवणं हे त्यांचं काम. काकू त्या सकाळी उपाशीपोटी एकगठ्ठा घेत होत्या, चौदा महिने.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. घरचा काटा युनिटच्या काट्यापेक्षा ६०० ग्रॅम जास्त दाखवायचा. तो बदलला नाही, फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. रविवारी सकाळी ड्राय वेटच्या वर ०.७, सोमवारी १.५ इथपर्यंत ठीक. सोमवारी दोनच्या वर गेलं तर त्या दिवशी ताक बंद.

तिसऱ्या मंगळवारचा फटका

पहिल्या मंगळवारी ४.१, दुसऱ्या ३.६, तिसऱ्या ३.०. सगळे खूश. पण त्याच तिसऱ्या मंगळवारी काकूंना युनिटच्या दोन पायऱ्या चढवेनात. पाय शिशाचे झाल्यासारखे जड, ओठांभोवती मुंग्या. ईसीजीत (हृदयाच्या आलेखात) टी लहरी उंच, टोकदार, म्हणजे पोटॅशियम वाढल्याची खूण. पोटॅशियम ६.९. (साधारण ३.५ ते ५ असावं, डायलिसिसआधी साडेपाचपर्यंत चालवून घेतात.) हृदय सांभाळण्यासाठी लगेच शिरेतून कॅल्शियम दिलं आणि थेट मशीनवर घेतलं.

आदल्या दिवशी एकादशी होती. उकडलेली रताळी, दाण्याचं कूट घातलेली बटाट्याची भाजी, दोन केळी, आणि "पाणी नको तर निदान हे घ्या" म्हणून शेजारणीने दिलेलं शहाळं. पोटॅशियमच्या दृष्टीने याहून वाईट ताट मुद्दाम मांडायचं म्हटलं तरी अवघड. पण एकादशी आधीही होत होतीच, आणि आकडा ५.८ च्या वर गेला नव्हता. या वेळी नवीन काय?

नवीन होता मिठाचा पुडा. मीठ कमी करायचं म्हणून मुलाने बार्शीहून "लो सोडियम" मीठ आणलं होतं, थोडं महागाचं, आईसाठी खास. सोडियम कमी, मग डबीत जरा जास्त भरलं तरी चालेल, असा सरळ हिशोब. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडं धड असलेल्यांना त्याचा रक्तदाबासाठी फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये असं मीठ वापरायची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यातून स्पष्टपणे वगळलं. पुड्याच्या मागच्या बाजूला सूचना होती, बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.

यात मुलाची चूक शोधण्यात अर्थ नाही. "मीठ कमी करा" सांगताना "ते मीठ आणू नका" हे त्याच दमात सांगायला हवं होतं, ते राहिलं. तेव्हापासून या युनिटच्या सांगण्यात दोन्ही वाक्यं एकत्र असतात.

पोटॅशियमसाठी स्वयंपाकात एक सवय मोडावी लागली: सगळं कुकरमध्ये. कुकरमध्ये भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि ते पाणी आमटीतच राहतं. त्याऐवजी बटाटा, लाल भोपळा, पालेभाजी बारीक चिरून, उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणीला टाकायची. बटाटा सोलून दोन पाण्यांत उकळला तर निम्म्याच्या आसपास पोटॅशियम निघून जातं. नुसता भिजत ठेवला तर फारसं जात नाही. फळांत सफरचंद, पेअर किंवा अननसाची एक फोड. केळं, मोसंबी, चिकू, खजूर, शहाळं, उसाचा रस बंद. आमरस दोन चमचे, तोही बुधवारी, कारण गुरुवारी मशीन आहे. करमळ (कुठे कमरख म्हणतात) हे फळ तर एक फोडही नको. त्यातलं विष मूत्रपिंडांशिवाय बाहेर पडत नाही. ते मेंदूवर जातं, न थांबणारी उचकी लागते, झटके येतात, आणि त्याने रुग्ण दगावलेले आहेत.

भिंतीवरचा कागद

काकूंच्या स्वयंपाकघरात पथ्याचा एक कागद चिकटवलेला होता: डाळ बंद, अंडी बंद, पनीर बंद. तो डायलिसिस सुरू व्हायच्या आधीचा, मूत्रपिंडांवरचा भार कमी ठेवण्यासाठीचा. डायलिसिस सुरू झालं की गणित उलटतं. दर सत्रात रक्तातली अमिनो आम्लं धुऊन जातात, आणि प्रथिनं किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम लागतात. ५२ किलोंना ५२ ते ६२ ग्रॅम. काकू वर्षभर तीसच्या आसपास खात होत्या. कागद काढला. दोन अंड्यांचा पांढरा भाग रोज, अर्धी वाटी घट्ट वरण (डाळ उकळून पहिलं पाणी ओतून), आठवड्यातून दोनदा शंभर ग्रॅम चिकन. त्या माळकरी नाहीत, फक्त एकादशी पाळतात, म्हणून हे जमलं. माळकऱ्यांच्या घरी पनीर आणि दह्यावर हिशोब बसवावा लागतो, आणि तिथे फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्यांची मात्रा डॉक्टरांना वाढवावी लागू शकते.

याचा वजनाशी थेट संबंध आहे. जेवण तुटून दीड किलो मांस झडलं आणि ड्राय वेट ५२ च राहिलं, तर काटा ५२ दाखवतो तेव्हा अंगात दीड लिटर पाणी दडलेलं असतं. सूज दिसत नाही, पण रात्री दम लागतो. म्हणून पहिल्या दहा दिवसांत कमी जेवणं चालणार नव्हतं. डॉक्टरांनी मे महिन्यात ड्राय वेट तपासून आधी ५१ केलं, आणि जुलैत अंगावर थोडं मांस धरल्यावर परत ५२.

फिस्टुलाबद्दल थोडक्यात. डाव्या हातातल्या बांगड्या उजव्या हातात, कळशी उजव्या कडेवर, डाव्या हातावर ना रक्तदाबाचा पट्टा ना सुई. रोज उठल्याबरोबर कोपरावर बोटं ठेवून थरथर लागते का बघायचं. लागली नाही तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच सकाळी दवाखाना. घरी सुईच्या जागेतून रक्त आलं तर टॉवेल गुंडाळायचा नाही. टॉवेल रक्त पितो, थांबवत नाही. स्वच्छ कापडाच्या घडीवर बोटाने नेमका दाब पंधरा मिनिटं, मध्ये उघडून न बघता. तरी थांबलं नाही, तर दाब तसाच ठेवून दवाखाना.

आषाढी

आषाढी एकादशी रविवारी आली, नेमकी लांब दरीच्या मधोमध. काकूंनी उपास सोडायला साफ नकार दिला, आणि तो सोडायला लावण्याची गरजही नव्हती. ताट असं बसवलं: वरईचा भात, साजूक तूप-जिऱ्याची फोडणी, डबीतलं चिमूटभर मीठ. दाण्याची आमटी नाही, त्याऐवजी दोन चमचे घट्ट दही. दाण्याचं कूट न घालता काकडीची कोशिंबीर, तिचं पाणी पिळून. दुपारी अर्धं सफरचंद. चहा दोनदा, बाटलीतून वजा करून. मंगळवारी वाढ २.३ किलो, पोटॅशियम ५.२, चारही तास दाब ११० च्या वर, गोळा आला नाही.

ऑगस्टमध्ये चोवीस तासांची लघवी पुन्हा मोजली तर ती २५० वरून १२० वर आलेली. डायलिसिस सुरू झाल्यावर काही महिन्यांत-वर्षांत हे बहुतेकांचं होतंच. सुनेने बाटलीवरची ९०० ची रेघ पुसली आणि डॉक्टरांना विचारून ७५० वर नवी मारली. ते दीडशे मिली कुठून काढायचे यावर घरात अजून वाद चालू आहे. काकू म्हणतात ताक, सून म्हणते तिसरा चहा.